कोरियन लोकांशी ओळख कशी वाढवायची? (पुणे)

मला कोरियात जाऊन राहायचंय, लहानपणापासून डोक्यात आहे. रांजणगावच्या एलजीमुळे, तळेगावच्या ह्युंदाईमुळे इकडे बरेच कोरियन राहतात, स्टुडंट्सपण दिसतात, पण बोलायला सुरुवात कशी करू? भाषेसाठी चिकटलीये असं वाटायला नको.

प्रतिसाद १: अगं सरळ भाषेची अदलाबदल कर, त्यांना इंग्लिश नाहीतर मराठी शिकव, तू कोरियन शिक. वय विचारलं तर राग मानू नको, कोणाशी किती आदराने बोलायचं ते त्यांच्यात त्यावरूनच ठरतं. आणि लगेच के-पॉप नको, त्यांचं गाव, घरचं जेवण विचार.

प्रतिसाद २: मैत्री मैत्रीसाठीच कर हं. जायचं असेल तर टोपिक (कोरियन भाषेची परीक्षा) दे आणि कोरियन सरकारची जीकेएस स्कॉलरशिप बघ, फी मिळते, आधी वर्षभर भाषा शिकवतात.

प्रतिसाद ३: त्यांना घरी जेवायला बोलाव, परदेशात एकटं राहणाऱ्याला खूप बरं वाटतं.