मदत हवी आहे: कसारा–खोडाळा–जव्हार सायकलने, ओव्हरनाईट

मुलुंडकर | गुरुवार, रात्री ८:१०
मंडळी, जरा घाई आहे. येत्या शनिवारी सायकलने ओव्हरनाईट जायचं ठरलंय. लोकलने कसारा, तिथून विहीगाव, खोडाळा, मोखाडा, जव्हार असा डोंगरातला रस्ता डोक्यात आहे. हायवे नको. खोडाळ्याच्या पुढे नकाशात एक तुटक रेघ दिसते, ती धरली तर बराच वळसा वाचतो. तिथून कोणी सायकल नेली आहे का? आणि वाटेत पाणी कुठे कुठे भरता येईल? एवढे दोनच प्रश्न आहेत, बाकी तयारी झाली आहे. कृपया आज रात्रीच सांगा, उद्या ग्रुपवर फायनल करायचंय.

गिअरमास्तर | ८:२६
टायर ट्यूबलेस आहेत का ते आधी सांगा. उन्हाळ्यात त्या बाजूला काटे फार. ट्यूबवर गेलात तर निम्मा वेळ पंक्चर काढण्यात जाईल. मी तीन वर्षं ट्यूबलेसवर आहे, एकदाही रस्त्यात बसावं लागलेलं नाही. उद्या संध्याकाळी दुकानात नेऊन करून घ्या.

रानवाट | ८:४१
मास्तर, परवा निघायचं आणि उद्या ट्यूबलेस करायचं? टायर रिमवर नीट बसला नाही तर हातपंपाने तो परत बसत नाही, ही खटपट मी रस्त्याच्या कडेला दीड तास केली आहे. माणशी दोन ट्यूबा, लिव्हर, पॅच आणि पंप. सगळ्यांचे व्हॉल्व्ह एकच आहेत का तेही बघून ठेवा, नाहीतर पंप असूनही हवा भरता येणार नाही.
आता मुद्द्याचं. रात्री सायकल चालवू नका. दिवसभर तापलेल्या डांबरावर रात्री फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, येऊन पडतं, आणि दिव्याच्या उजेडात ते वाळल्या काटकीसारखं दिसतं. त्या भागात मोबाईलला रेंजही धड नसते.

अनघा_ठाणे | ८:५५
मुलुंडहून इतक्या लांब कशाला जाताय? येऊर जवळ आहे, चढही छान आहे. आम्ही दर रविवारी पहाटे जातो. रात्री मात्र गेट बंद असतं.
मे अखेरीला जात असाल तर काजवे नक्की बघा. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, सगळीकडे झाडंच्या झाडं लुकलुकत असतात. फक्त त्यांच्यावर टॉर्च मारू नका.

भटक्या७७ | ९:०२
कसारा कशाला? आटगावला उतरा, तिथून तानसा जवळ आहे. चांदण्यात तलावाकाठची राईड म्हणजे स्वर्ग. शनिवारी बुद्धपौर्णिमा आहे, दिवासुद्धा लागणार नाही.

रानवाट | ९:०९
भटक्या, तानसा अभयारण्य आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री तर वन खात्याची पाणवठ्यावरची प्राणीगणना असते. मचाणावर माणसं रात्रभर श्वास धरून बसलेली असतात आणि तुम्ही तिथून सायकली नेणार? कृपया असा सल्ला देऊ नका.

मुलुंडकर | ९:१५
अहो, रात्रभर चालवणार असं मी कुठे म्हटलंय? ओव्हरनाईट म्हणजे एक रात्र मुक्काम. शनिवारी जायचं, रविवारी परत. येऊर, तानसा, काजवे यातलं मी काहीच विचारलेलं नाही. तुटक रेघ आणि पाणी, एवढंच सांगा.

रानवाट | ९:२४
मग तसं लिहायला हवं होतं, आम्ही अर्धा तास भलत्याच गोष्टीवर बोलतोय. आता हेही सांगा: किती जण? सायकली कोणत्या? मुक्काम कुठे? कसाऱ्याला किती वाजता उतरणार? पाणी किती नेणार? परतीचं काय?

मुलुंडकर | ९:४०
चौघे. दोन एमटीबी (डोंगरी सायकली), एक हायब्रिड, आणि मावसभावाची साधी बिनगिअरची. तो घाटात पहिल्यांदाच येतोय, पण क्रिकेट खेळतो, दम आहे. सकाळची साडेसहाची ट्रेन धरू. मुक्काम तंबूत, मध्य वैतरणा धरणाच्या पाण्याजवळ कुठेतरी. परत जव्हारहून विक्रमगडवरून पालघर, तिथून लोकल. पाणी प्रत्येकी एक बाटली. गावं लागतीलच, भरत जाऊ. म्हणूनच तर विचारलं.

गिअरमास्तर | ९:४८
बिनगिअरची सायकल रद्दच करा. चढ एकवेळ हातात धरून चढता येतो, पण उताराला साधे रबरी ब्रेक तापले की पकड जाते. बाकीच्यांनी डिस्कचे पॅड उद्याच बघून घ्या. आणि हायब्रिडवाल्याने तरी ट्यूबलेसचा विचार करावा.

खोडाळेकर | १०:२०
मी मूळचा खोडाळ्याचा, नोकरीनिमित्त कांजूरमार्गला असतो. घर गावालाच आहे, महिन्यातून दोनदा जातो. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या दारातले आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

ती तुटक रेघ म्हणजे पायवाट आहे. ओढ्यात उतरते आणि पलीकडे खडकातून वर निघते. आमच्याकडच्या बाया तिथून डोक्यावर हंडा घेऊन ये-जा करतात. सायकल खांद्यावर घ्यावी लागेल, आणि समोरून हंडेवाली आली तर तिला बाजूला व्हायला जागा नाही. तिथून जाऊ नका. कसाऱ्याहून निघालात की घाट लागायच्या आधी डावीकडे जव्हारचा फाटा आहे. तिथून पुढे मोखाड्यापर्यंत डांबरी सोडूच नका. डोंगर तसाही दिसतो, रस्ता डोंगरातूनच आहे.

आता पाणी. मुंबईच्या नळाला येणारं बहुतेक पाणी आमच्याच आजूबाजूच्या खोऱ्यांतलं. तानसा १८९२ सालचं, मग मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि अलीकडचं मध्य वैतरणा, ते तर आमच्या मोखाडा तालुक्यातलंच. आणि तरीही मार्च सरला की मोखाड्यात, शहापुरात पाड्यापाड्यांवर टँकर सुरू होतात. धरण खाली खोऱ्यात, पाडा वर डोंगरावर. आमचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. चार महिने धो धो पडतं, सगळं वाहून जातं. मे महिन्यात विहिरीच्या तळाला जे झिरपतं ते वाटीने भरायचं. माझी चुलती रात्री दोनला उठून नंबर लावते.

गेल्या मे महिन्यात शहरातून सायकलवाल्यांची एक टोळी आली होती. माणसं वाईट नव्हती, हसतमुख होती. बाटल्या भरल्या, डोक्यावर पाणी ओतलं, चेनवरची धूळ धुतली. कोणी अडवलं नाही, कारण आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. संध्याकाळी पाच घरांचे हंडे रिकामे परत गेले. तुम्ही मागितलं तर तुम्हालाही देतील. म्हणून मागू नका.

भटक्या७७ | १०:३१
इतकं असेल तर वाईट वाटतं. पण चार सायकलवाल्यांच्या चार बाटल्यांनी खरंच फरक पडतो का? प्रश्न सरकारने सोडवायचा आहे. आणि पर्यटक आले तर गावात दोन पैसे येतात.

खोडाळेकर | १०:४४
पैसे यावेत असं मलाही वाटतं. जेवण विकत घ्या, मुक्कामाचे पैसे द्या, नाक्यावरच्या दुकानातून बाटल्या घ्या. पण विहिरीचा हिशोब पैशाने होत नाही, तिथे तासाला किती झिरपतं एवढंच असतं. सरकारने करायचं ते करावंच, त्यासाठी आम्ही भांडतोच आहोत. शनिवारी रात्री दोनला मात्र चुलतीलाच उठायचं आहे.

अनघा_ठाणे | १०:५०
वाचून सुन्न झाले. आमच्या सोसायटीत गाड्या पाइपने धुतात, उद्याच बोलते.
मुलुंडकर, तारीख नोव्हेंबरवर ढकला ना. हवा छान असते, ओढ्यांनाही थोडं पाणी असतं.

मुलुंडकर | ११:०५
तारीख हलत नाही. आमच्यातला एकजण एक जूनला बंगळूरला रुजू होतोय, परत चौघे कधी जमणार माहीत नाही. शाळेपासून एकत्र आहोत, म्हणून हा सगळा खटाटोप. पाण्याचं हे खरंच ठाऊक नव्हतं. मी बीएमसीच्याच नळावर वाढलोय. खोडाळेकर, जायचंच असेल तर कसं जाऊ, तुम्ही सांगा.

रानवाट | ११:१८
मग जव्हार सोडा, ते पुन्हा कधीतरी. पहाटेची पहिली कसारा पकडा. सामानाचं तिकीट काढून सायकली मालडब्यात. दहाच्या आत खोडाळा गाठा, दुपारी सावलीत पडून राहा, ऊन उतरल्यावर सूर्यमाळच्या बाजूला रिकाम्या सायकलींवर फेरी मारा आणि अंधाराच्या आत परत या. रविवारी पहाटे त्याच रस्त्याने कसारा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी बघा. पाणी माणशी चार लिटर, शिवाय ओआरएस. जड होईल, पण तंबू नेला नाहीत की वजन सुटेल. धरणाजवळ तंबू ठोकायचा विचार तर सोडूनच द्या, तिथे राहू देणार नाहीत.

गिअरमास्तर | ११:२५
मावसभावासाठी माझी जुनी एमटीबी देतो, एकवीस गिअरची आहे. मी भांडुपला असतो, उद्या रात्री घेऊन जा. सीट त्याच्या उंचीला लावून देईन. टायर ट्यूबवालेच आहेत, दोन जादा ट्यूबाही देतो.

खोडाळेकर | ११:३८
रानवाटांचा बेत बरोबर आहे. विहीगावनंतरचा चढ आठच्या आत मागे टाका, नंतर तिथे सावली नाही. विहीगावचा धबधबा आता कोरडा असेल, त्यासाठी थांबू नका. काही लागलंच तर मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, रेंज मिळाली की १०८ लावा.
मी स्वतः शुक्रवारी रात्रीच गावी जातोय. मुक्काम आमच्या ओसरीवर करा. पैसे माझ्या वहिनीच्या हातात द्या, ती बचत गटातर्फे जेवण करते. नागलीच्या भाकऱ्या, उडदाचं वरण, सुकटीची चटणी. कोणी मांसाहार न करणारं असेल तर आधी सांगा. जागेचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

मुलुंडकर | ११:५२
व्यनि मिळाला. ग्रुपवर टाकलं, चौघेही तयार. मास्तर, उद्या नऊला भांडुपला येतो. खोडाळेकर, एकजण सुकट खात नाही. अंघोळ, हातपाय धुणं काही नाही, आणि प्यायचं पाणी आमचं आम्ही आणतो. पहिल्या ट्रेनने येताना वीस लिटरचा एक कॅनही आणला तर तो कसाऱ्याहून वर न्यायला काही वाहन मिळेल का? वहिनींना भाकऱ्यांच्या पिठाला होईल.

खोडाळेकर | शुक्रवार, सकाळी ६:१०
सकाळी कसारा स्टेशनबाहेर खोडाळ्याच्या जीपा असतात. चालकाला माझं नाव सांगा, कॅन टपावर टाकेल. झाकण घट्ट लावा.