‘दाहविरोधी’ म्हणावं की ‘शोथहर’? निर्गुडीच्या निमित्ताने

माझी भाची सांगलीत एम. फार्म करते. तिच्या प्रकल्पाचा मराठी सारांश तपासायला माझ्याकडे आला. शीर्षक होतं, ‘निर्गुडीच्या पानांच्या अर्काचा दाहविरोधी गुणधर्म’. ती ते मोठ्यानं वाचत होती. शेजारी आई गुडघ्याला पाला बांधत होती: तव्यावर गरम केलेली निर्गुडीची पानं, वर एरंडेलाचा हात, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. ती तिथनंच म्हणाली, ‘‘दाहाला निरगुडी? अगं, निरगुडी गरम असतीया. आग हुती तितं लावत न्हाईत. सुजंला लावत्यात.’’

भाची हसली, पण मला ते लागलं. मराठीत दाह म्हणजे आग. पित्तानं छातीत होतो, उन्हाळ्यात तळपायांचा होतो, आणि त्यावर आपण वाळा, चंदन, सब्जा असलं थंड काहीतरी शोधतो. आयुर्वेदात निर्गुडी उष्ण मानलेली आहे. मग ‘दाहविरोधी निर्गुडी’ हे शब्द वाचून घरातली माणसं बुचकळ्यात पडणारच.

‘दाहविरोधी’ हे इंग्रजी ‘अँटि-इन्फ्लमेटरी’चं भाषांतर. इन्फ्लमेशनला ‘दाह’ कुठून आला हेही कळतं. मूळ लॅटिन शब्दातच पेटण्याची कल्पना आहे. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकानं इन्फ्लमेशनची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी 4 लक्षणं सांगितली. आपण त्यातली उष्णता उचलली आणि तिच्यावरून नाव ठेवलं. वर्तमानपत्रांतही तेच रूढ झालंय. यावर जाणकारांचं मत हवं आहे.

वाईहून उत्तर

तुमच्या आईंचं बरोबर आहे, आणि चरकही त्यांच्याच बाजूनं आहे. चरकसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात 50 महाकषाय, म्हणजे औषधी द्रव्यांचे गट, दिलेत. त्यात श्वयथुहर, म्हणजे सूज घालवणारा गट वेगळा (दशमुळांचा) आणि दाहप्रशमन गट वेगळा (चंदन, वाळा, गुळवेल वगैरे). शिवण ही वनस्पती तेवढी दोन्हीकडे आहे, दुसऱ्या गटात तिचं फळ. निर्गुडी या दोन्ही गटांत नाही, तो भाग निराळा. पण दाह आणि सूज यांची गल्लत जुन्यांनी केली नव्हती. आमच्या गावच्या मराठी विश्वकोशातल्या वैद्यकीय नोंदींत ‘शोथ’ लिहून पुढं ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा करतात. म्हणून ‘शोथहर’ घ्या. संधिशोथ, यकृतशोथ हे शब्द त्याच पंक्तीत बसतात.

कराडहून उत्तर

शोथ चालेल, पण मग एडिमाला काय म्हणणार? पाण्यानं पाय सुजतो तीही सूजच. ‘शोफ’ हा शब्द आहे खरा, पण अमरकोशात शोफ, श्वयथु, शोथ हे तिन्ही एकाच ओळीत, एकाच अर्थानं आहेत. मला विचाराल तर सरळ ‘सूज’ लिहा. सूज येते, चढते, धरते, ओसरते, उतरते. पाय टम्म होतो, ठणकतो. एवढी क्रियापदं शोथाला कुठली? खोटी वाढ आणि खरं बाळसं यातला फरक सांगायलासुद्धा आपण सूजच वापरतो.

मूळ लेखकाकडून

दोघांचे मनापासून आभार. भाचीला प्रयोग नीट विचारला, आणि शब्दाचा प्रश्न वेगळ्याच जागी जाऊन बसला. उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन टोचतात. ते तांबड्या समुद्री शेवाळातून काढतात. ही पद्धत 1962 पासून चालत आलीय. तीनेक तासांत पंजा चांगलाच फुगतो. तो द्रवात बुडवायचा आणि किती द्रव वर सरकला ते मोजायचं. समजा अर्क न दिलेल्या उंदरांत पंजा 0.8 मिलीनं वाढला आणि अर्क दिलेल्यांत 0.5 मिलीनं, तर 37.5 टक्के फरक धरतात. शेजारी डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन ही सुजेवरची नेहमीची औषधं दिलेला गट तुलनेला असतो.

म्हणजे मोजली ती निव्वळ सूज. आग मोजली नाही, लाली मोजली नाही, ठणकाही नाही. ‘दाह’ तिथंच गळाला.

पण तिनं आणखी एक सांगितलं: अर्क कॅराजीननच्या आधी, पोटातून दिला होता. मग ‘सूज उतरली’ हेही चुकीचं, कारण चढायच्या आधीच औषध पोटात होतं. आणि ‘शोथहर’ला माझी हरकत इथंच आहे. हर म्हणजे आलेलं हरण करणारा. आई पाला बांधते तो गुडघा सुजल्यावर, आणि वरून. भाचीचं औषध सूज यायच्या आधी, आतून. दोन्हीला एकच शब्द लावला तर वाचणारा म्हणेल, आजीच्या पाल्याला प्रयोगशाळेनं दाखला दिला. तसं झालेलं नाही.

‘अर्क’ही तिला बदलायला सांगितलाय. आपल्याकडे अर्क वाफेतून धरतात आणि तिनं पानं अल्कोहोलमध्ये काढली होती. ‘निष्कर्ष’ हा शब्द आहे, पण सारांशात शेवटी निष्कर्ष वेगळा येतोच, गोंधळ होईल. म्हणून ‘अल्कोहोलमधला काढीव अंश’ असं लांबलचक ठेवलंय. कुणाकडे आटोपशीर शब्द असेल तर जरूर सांगा.

शीर्षक आता असं झालंय: ‘निर्गुडीच्या पानांनी उंदराच्या पंजावरची सूज किती रोखली जाते?’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘आता कळलं. पर उंदराला कशाला सुजवायचं गं?’’ भाचीनं खाली मान घालून प्राणी समितीची परवानगी कशी घ्यावी लागते ते तिला सांगायला सुरुवात केली.