फोल्डिंग ई-सायकलच्या बिजागरीतून आवाज येतोय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. माझी २० इंची चाकांची फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल आहे, २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी. सुट्टीच्या सकाळी निवांत भटकायला घेतली आणि जीव जडला.

महिनाभरापासून चढावर जोर लावला की फ्रेमच्या मधल्या बिजागरीतून कटकट ऐकू येते. लॅच, म्हणजे सांधा घट्ट धरणारी कडी, बंद असूनही सांधा किंचित हलतो. बिजागरीची पिन पुसून ग्रीस लावलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. लॅचचा नट आवळायला हात धजत नाही. जास्त आवळून तडा गेला तर? चालत्या सायकलीचा सांधा सुटणं म्हणजे थेट तोंडावर आपटणं.

कुणी हे घरी दुरुस्त केलंय का? नट किती आवळायचा, की पिनच बदलावी? तोवर सायकल उभीच आहे, बॅटरी निम्मी चार्ज करून काढून ठेवलीय.