साताऱ्यातली स्वच्छतागृहं शोधायचं ॲप करतोय, त्यात काय काय हवं?

माहुलीकर
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईला घेऊन राजवाड्याजवळ खरेदीला गेलो होतो. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. फोनवरच्या नकाशात स्वच्छतागृहाचे दोन ठिपके दिसले. एकाला कुलूप, दुसऱ्याला चार पायऱ्या आणि आत भारतीय बैठक. आई काही न बोलता रिक्षात बसली. तेव्हापासून बाजारात जायचं म्हटलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मी ॲप बनवायचंच काम करतो, म्हणून हे मनावर घेतलंय. तुम्हाला बाहेर पडताना काय माहीत असायला हवं, तेवढं सांगा.

कराडची_लेक
दादा, चांदण्या देऊन काही कळत नाही. आतून कडी लागते का, पाणी आहे का, रात्री दिवा असतो का, पॅड टाकायला डबा आहे का, हे एकेक विचारा. आणि पैसे किती घेतात तेही. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, याच्याविरुद्ध मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ चालली. आपल्याकडे निदान ते लिहून तरी ठेवू.

चाकांवर
मी व्हीलचेअर वापरतो. 'दिव्यांगांसाठी सोय' एवढ्यावर मी घरातून निघू शकत नाही. उताराला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, दार ९० सेंमी तरी हवं आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटर जागा. माप घेणं जमलं नाही तर दाराचा, उंबऱ्याचा आणि कमोडचा असे तीन फोटो टाका. माझं मी ठरवेन.

ऐकणारा
मला दिसत नाही, टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) फोन चालवतो. नकाशाचा मला उपयोग नाही, यादी द्या: किती पावलं, कुठल्या दुकानाशेजारी, कुठल्या हाताला. 'डावीकडचं दार पुरुषांचं' हे लिहाच. चुकीच्या दारातून आत गेल्यावर जे ऐकावं लागतं ते फार लागतं मनाला. प्रत्येक बटणाला नाव द्या. उघडं हिरवं, बंद लाल, एवढ्यावर थांबू नका.

अदिती_सांगली
ॲप उघडताना स्त्री की पुरुष विचारू नका. माझ्या जवळची एक व्यक्ती तृतीयपंथी आहे, तिथेच ती फोन खाली ठेवेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहांबद्दल सांगितलंय. कुणालाही वापरता येईल अशी एकटी खोली कुठे आहे, ते शोधता आलं पाहिजे. लेकीला घेऊन निघालेल्या बापालाही तीच लागते.

नकाशावेडा
माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भरता आणि वापरता येणाऱ्या खुल्या नकाशावर भरा. तिथे व्हीलचेअर, शुल्क, वेळ, बाळाचं लंगोट बदलायची जागा, कमोड की भारतीय बैठक, सगळ्याला रकाने आहेत. एकदा भरलं की दुसऱ्या ॲपलाही मिळतं. नेट नसलं तरी चालायला हवं, कासला जाणाऱ्यांना विचारा. वारीत लोणंद-फलटणला तात्पुरती उभी राहतात त्यांना तारीख घाला, नाहीतर पालखी पुढे गेल्यावरही लोक तिथे शोधत बसतील.

माहुलीकर
सगळ्यांचं लिहून घेतलं. ठिपक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात 'शेवटचं उघडं कधी दिसलं' हेच असेल. ते आधी कळलं असतं तर आईला तिथवर चालवलंच नसतं. रविवारी सकाळी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत टेप घेऊन फिरणार आहे. कोण येतंय?

चाकांवर
मी येतो. फक्त भेटायची जागा पायरी नसलेली ठरवा.

कराडची_लेक
मीही. बायकांच्या बाजूचं मी बघते.