मदत हवी आहे: बाळाचं डोकं वर आहे, करंगळीला शेक द्यायचा चिनी उपाय कोणी केलाय का?

पाचोऱ्याची_लेक: कालच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं वरच निघालं. डॉक्टर "बघू पुढे" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नणंद सांगते, चीनमध्ये पायाच्या करंगळीच्या नखाजवळ एका वनस्पतीची कांडी पेटवून शेक देतात, मोक्सा म्हणतात, त्याने बाळ फिरतं. जळगाव-भुसावळकडे ती कांडी कुठे मिळेल? रोज किती वेळ शेकायचं? लवकर सांगा प्लीज, मला सिझर नकोय.

नर्सताई_धुळे: कितवा आठवडा? पहिलटकरीण का? वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, बाळाभोवती पाणी किती? रिपोर्टवर ब्रीच (ढुंगण किंवा पाय खाली) लिहिलंय की ट्रान्सव्हर्स (बाळ आडवं)? हे कळल्याशिवाय काय सांगणार!

तापीकाठ: घाबरू नको माय, समदं चांगलं व्हई. माझा धाकटा भाऊ पायाळूच. गल्लीत कोणाची कंबर उसण भरून धरली की त्याची लाथ घ्यायला दारात उभे राहायचे. पायाळू लेकरू नशीबवान असतं.

केळीबाग_रावेर: कांडी कशाला शोधता? चैत्रात बाजारात दवणा येतो, तो वाळवून विडीसारखा वळा आणि पेटवा. वनस्पती त्याच कुळातली आहे.

वाचनवेडा_अमळनेर: कूळ एक, जात वेगळी. चाचण्या झाल्या त्या मोक्साच्या कांडीवर, दवण्यावर नाही. आणि त्या चाचण्यांत काय निघालं तेही बघा. १९९८ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चीनच्या जिआंगशी प्रांतातली चाचणी छापून आली. २६० बायका, सगळ्या पहिलटकरणी, ३३वा आठवडा. ३५व्या आठवड्याला शेक दिलेल्या १३० पैकी ९८ जणींची बाळं डोक्यावर आली, न दिलेल्या १३० पैकी ६२ जणींची. म्हणजे काहीही न करता निम्म्याच्या जवळपास बाळं फिरलीच की! इटलीत तीच चाचणी पुन्हा लावली तर धूर आणि वासाला कंटाळून कित्येकींनी मधेच सोडलं, ती अर्ध्यावर थांबवावी लागली. जिनिव्हातल्या २००९ च्या चाचणीत तर शेक दिलेल्यांत १८ टक्के बाळं फिरली आणि न दिलेल्यांत १६.

केळीबाग_रावेर: आकड्यांनी बाळ फिरत नाही भाऊ. माझ्या जाऊबाईंचं शहाद्याच्या सुईणीने तेल लावून हाताने फिरवलं, एका बैठकीत.

नर्सताई_धुळे: हे इथे लिहू नका हो! कोणीतरी वाचून करेल. घरात पोट दाबून बाळ फिरवताना वार सुटू शकते, मग रक्तस्राव होतो आणि बाळाचे ठोके पडतात. बाहेरून हाताने फिरवतात ते दवाखान्यात, सोनोग्राफी लावून, ठोके बघत, ऑपरेशन थिएटर तयार ठेवून. त्याला ईसीव्ही म्हणतात. साधारण ३६-३७ आठवड्यांच्या पुढे करतात, निम्म्या जणींत जमतं.

पाचोऱ्याची_लेक: ३४वा चालू आहे. रिपोर्टवर ब्रीच आहे. पहिलं सिझरच झालंय, म्हणून तर या वेळी नको म्हणतेय. कांडीचं कोणीच सांगितलं नाही.

नर्सताई_धुळे: ताई, पहिलं सिझर आहे हेच आधी सांगायला हवं होतं! टाका असताना फिरवायचं की नाही हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. वार जुन्या टाक्यावर तर नाही ना, हे सोनोग्राफीच्या कागदावर बघ. आणि वाचनवेडांनी सांगितलेली चिनी चाचणी पहिलटकरणींची आहे, तुझ्यासारखीवर ती तशीच लागू पडत नाही. कांडी करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, कातडीपासून लांब धरतात, एकेका पायाला पंधरा मिनिटं. पण डॉक्टर हो म्हणाले तरच. दमा असेल तर धूर नको, आणि साखर वाढून पायाला बधिरपणा असेल तर चटका बसलेला कळत नाही.

सातपुडा_चोपडा: या उन्हाळ्यात बंद खोलीत धूर? त्यापेक्षा पोहायला जा, पाण्यात बाळ सैल होतं म्हणतात.

तापीकाठ: चोपड्यात बायकांसाठी वेगळा तलाव आहे का? माझ्या मुलीलाही विचारायचं होतं.

नर्सताई_धुळे: तलावाचं नंतर बघा. पाचोऱ्याची लेक, डोकं वर असताना पाणमोट फुटली तर घरी थांबू नकोस, कळा नसल्या तरी. नाळ खाली घसरू शकते. लगेच आडवी हो, गाडी बोलव आणि निघ.

पाचोऱ्याची_लेक: कागद काढला. वार वर, मागच्या बाजूला लिहिलीय, टाक्यापासून लांब. साखर नाही, दमा नाही. ईसीव्ही जळगावला कोण करतं? सोमवारी जातेय, फाईल घेऊन जाईन आणि शेकाचंही त्यांनाच विचारेन.