मदत हवी आहे: आज रात्री सासऱ्यांसाठी ज्वारीची भाकरी करायची आहे, पण थापतानाच चिरते

नमस्कार मंडळी. आत्ता सव्वापाच झालेत आणि साडेआठला पानं घ्यायची आहेत, म्हणून घाईघाईने विचारतेय.

मी मूळची मालवणची, आता पुण्यात. सासरे मंगळवेढ्याचे. मागच्या आठवड्यात त्यांचे दात काढले, कवळी बसायला अजून वेळ आहे, म्हणून ते आमच्याकडे राहिलेत. अण्णांचं रात्रीचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि आमटी, जन्मभर हेच. पहिले चार दिवस मी त्यांना मऊ भात आणि वरण दिलं. "चालतंय की," म्हणून जेवले. पण परवा रात्री अकराला स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. जाऊन बघते तर अण्णा अंधारातच उभ्याने दुधात चुरमुरे भिजवून खात होते. भाताने त्यांचं पोट भरतच नाही, आणि ते मला सांगत नव्हते. तेव्हापासून मला चैन नाही.

काल भाकरी करून बघितली. पाकिटाचं पीठ, साधं पाणी. निम्मी थापून होते न होते तोच कडेला चिरा पडल्या, आणि उचलताना मधोमध दोन तुकडे. तिसरी कशीबशी तव्यापर्यंत पोचली, पण फुगली नाही. अण्णांनी ताटात घेऊन अंगठ्याने दाबत दाबत पापुद्रा शोधला, तो नव्हताच. मग काही न बोलता तुकडे आमटीत बुडवून ठेवले. मधला भाग खाल्ला, कडा तशाच वाटीत राहिल्या.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. गावी गेलं की त्या म्हणायच्या, "तू बस गं, चार दिवसांसाठी आलीयेस," आणि मी बसायची. शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

तांदळाची भाकरी मला चांगली येते, आम्ही उकड काढून करतो. ज्वारीची तशीच केली तर चालेल का? अण्णांना चव वेगळी लागेल का? घरात लोखंडी तवा, परात, तूरडाळ, मुगाची डाळ, मेथीची जुडी आणि शेंगदाणे आहेत. पाकिटावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे. कोपऱ्यावरची गिरणी सातपर्यंत उघडी असते. पोळीभाजी केंद्रातून भाकरी आणून झाली, घरी येईपर्यंत ती वातड झाली होती.

प्रतिसाद (पंढरपूरहून)

ताई, तुमच्या हाताचा दोष नाही, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ ताजं असेल तरच ते पाण्याने धरतं. दोन महिन्यांच्या पिठाची भाकरी आमच्या आईलासुद्धा थापता यायची नाही. उठा आणि आधी गिरणीत जा. शाळूच, म्हणजे रब्बीची ज्वारी मागा, त्यातलं मालदांडी वाण मिळालं तर उत्तम. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, अण्णांना घास तोंडात घेताच कळेल. एक किलोच घ्या आणि गिरणीवाल्याला सांगा, ज्वारीवरच ज्वारी दळ, गव्हावर नको.

आता करायचं कसं. एका भाकरीपुरतंच पीठ परातीत घ्या, सगळं एकदम मळून ठेवू नका. मध्ये आळं करून कढत पाणी घाला, चमच्याने कालवा, हाताला सोसेल एवढं झालं की तळव्याने रगडा. रगडण्यात कंटाळा केला की कडा चिरतात. गोळा लोण्यासारखा मऊ लागला पाहिजे. परातीत खाली पीठ भुरभुरून थापा, बोटांनी कडेकडेने, भाकरी आपोआप गोल फिरत राहिली पाहिजे. फिरायची थांबली की खाली पीठ कमी पडलंय असं समजा.

तवा चांगला तापू द्या. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा. नवशिके इथेच चुकतात: पाणी वाळून गेलं की पांढऱ्या भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

आमच्याकडे ताजं पीठ मिळतच नाही, त्यामुळे मी कायम उकड काढूनच करते. एक वाटी पाण्याला उकळी आणायची, चिमूटभर मीठ, एक वाटी पीठ घालून हलवायचं आणि गॅस बंद करून पाच मिनिटं झाकायचं. मग गरम असतानाच मळायचं. तांदळाची येत असेल तर ही नक्की जमेल. चव थोडी वेगळी लागते खरी, पण भाकरी निवल्यावरही मऊ राहते. दात नसलेल्या माणसाला तीच सोयीची. माझ्या आईला मी हीच करून देत असे.

प्रतिसाद

आमटीकडेही बघा. तूरडाळीपेक्षा मुगाची डाळ मऊ शिजवून, मेथी अगदी बारीक चिरून घाला. लसणाची फोडणी द्या, तिखट कमी. भाकरी गरम असतानाच कुस्करून वर आमटी ओता आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, कोमट झाल्यावर द्या. शेंगदाण्याची चटणी आज नको, दाण्याचा रवाळ कण जखमेत अडकतो.

धागाकर्ती, रात्री पावणेदहा

सगळ्यांचे मनापासून आभार. पावणेसातला गिरणीत पोचले. मालदांडी होती. पीठ पिशवीत हाताला गरम लागत होतं, आणि घरी आणून परातीत ओतलं तर अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "शाळू दळून आणलास का?" वासावरून ओळखलं!

पहिली चिरली, कारण मी रगडायला घाई केली. दुसरीला पूर्ण पाच मिनिटं दिली, ती परातीत फिरली. तवा माझा थोडा कमी तापला होता म्हणून पाणी वाळायला वेळ लागला, पण आचेवर धरल्यावर अर्धी टम्म फुगली. तिसरी पूर्ण फुगली. उकडीची एक करून ठेवली होती, ती मी आणि नवऱ्याने खाल्ली. छान होती, पण आज अण्णांना कढत पाण्यात मळलेलीच द्यायची होती.

अण्णांनी अंगठ्याने दाबलं, वाफ निघाली. पापुद्रा सोलून आधी तेवढाच मुगाच्या आमटीत बुडवून खाल्ला, मग मधला भाग. कडा मी आधीच काढून ठेवल्या होत्या. अर्धी अजून मागितली. जेवून उठताना म्हणाले, "पीठ जरा जाडसर दळायला सांग पुढच्या खेपेला."

एक भाकरी उरलीय. सकाळी ती ताकात कुस्करून हवी आहे म्हणाले. आमच्याकडे हा प्रकार नाही. त्यात लसूण ठेचून घालायचा का नुसतं मीठ? आणि आत्ताच भिजवून ठेवू की सकाळी?