गिम्पमध्ये सेल्फ पोर्ट्रेट करतेय, पण चेहरा माझा वाटतच नाही

नीलपिवळी:
नमस्कार मंडळी, गिम्प (फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर) शिकायला लागून दोनेक महिने झालेत, आता स्वतःचं पोर्ट्रेट करायला घेतलंय. फोनवर सेल्फी काढला, गिम्पमध्ये उघडला, हील टूलने डाग काढले, थोडा ब्लर मारला, कार्टूनचा फिल्टर लावला आणि वरून ब्रशने रंगवलं, आठवडाभर रोज रात्री पोरं झोपल्यावर बसतेय. पण मी दिसतच नाहीये त्यात. बहिणीला पाठवलं तर म्हणाली कोण गं ही? नाक फुगल्यासारखं आणि गाल प्लास्टिकचे. आईच्या साठीला ए४ प्रिंट काढून फ्रेम द्यायचीय. कुठे चुकतंय?

जुनापेंटर:
ताई, आधी फोटो बदला. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असतं आणि कान त्यामानाने लांब, म्हणून नाक मोठं येतं, ते एडिटिंगने धड सुधरत नाही. फोन कपाटावर टेकवा, मागच्या कॅमेऱ्याने, टायमर लावून, पाचेक फुटांवरून काढा. उजेड एका बाजूच्या खिडकीतून, ट्यूबलाइट बंद. जरा मान वळवलीत की सावलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो, जुना डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या चित्रांत दिसतो तसा, तो आला की चेहऱ्याला आपोआप उठाव येतो.

अजून एक बघा, तुमचा सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह झालाय का? आपण स्वतःला जन्मभर उलटंच बघतो त्यामुळे आपल्याला तो बरोबर वाटतो, पण आई तुम्हाला सरळ बघते. तिच्यासाठी करताय तर सरळच ठेवा, तुम्हाला थोडं परकं वाटलं तरी.

लेयरवाला:
फिल्टर काढून टाका बरं आधी, फिल्टर सगळ्या चेहऱ्यांना एकच चेहरा देतो. मी असं करतो, फोटोचा डुप्लिकेट लेयर (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा), तो डीसॅच्युरेट म्हणजे रंग काढून काळा-पांढरा, हलका गॉशियन ब्लर म्हणजे थोडा धूसर, मग कलर्स मेनूतून पोस्टराइझ म्हणजे छटा कमी करणं, ४ लेव्हल. आता उजेड-सावलीचे नुसते चार तुकडे दिसतील, नकाशासारखे. ते आकार नव्या लेयरवर मोठ्या ब्रशने भरा, डोळे-ओठ सगळ्यात शेवटी. हे तुकडे जागच्या जागी बसले ना की डोळे काढायच्या आधीच माणूस ओळखू येतो, खरंच करून बघा. सावलीला काळा रंग नको, आयड्रॉपरने (रंग उचलायचं टूल) फोटोतूनच उचला, सावलीतली त्वचा तपकिरी-लालसर निघेल. कपाळ जरा पिवळट, नाक-गाल-कान लालसर, एवढा फरक ठेवलात तरी प्लास्टिकपणा जातो. आणि फाइल एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करत जा, जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत.

हीलने नक्की काय काय काढलंत?

नीलपिवळी:
पिंपल्सचे डाग, डोळ्याखालची काळी वर्तुळं, आणि हनुवटीवरची खूण. लहानपणी उंबऱ्यावर पडले होते, तीन टाके पडले तेव्हाची.

लेयरवाला:
पिंपल आठवड्यात जातो, तो काढा. खूण परत आणा ताई, तीच तर ओळख आहे. वर्तुळं पूर्ण पुसू नका, हील वेगळ्या लेयरवर करा आणि तो लेयर अर्ध्या ओपॅसिटीवर म्हणजे अर्धा पारदर्शक ठेवा.

सातारकर_प्रिंट:
प्रिंटचं सांगतो. ए४ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, तेवढा कॅनव्हास सुरुवातीलाच घ्या, मागून ताणून मोठा केला की कडा फाटतात. रात्री स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून रंगवलं तर प्रिंट काळपट येते, सगळ्यांचंच होतं हे. आधी ४ बाय ६ ची एक टेस्ट प्रिंट काढा आणि ती दिवसाउजेडी बघा.

नीलपिवळी:
रविवारी सकाळी पूर्वेच्या खिडकीशी बसून नवीन फोटो काढला, पोस्टराइझ केलं, रंगवलं अजून गालापर्यंतच. खुणेसाठी वेगळा लेयर केला, ब्रश ६ पिक्सेलचा, आधी फिकट गुलाबी रेघ आणि खाली तिची बारीकशी सावली. धाकटी मांडीवर होती, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "आईचा बाऊ". डोळे अजून काढायचेत.